वाजवी तास म्हणजे किती तास?

वारणानगरहून बोलतेय. मागं ट्रॅक्टरचा आवाज येईल, सीझन सुरू आहे, तेवढं चालवून घ्या.

आजचा विषय कोविडमधल्या ज्युनिअर डॉक्टरांचा आहे. "आता परत कोविड कशाला?" म्हणून एपिसोड पुढं ढकलू नका. रोगाबद्दल मी फार बोलणार नाही. पंचविशीतली पोरं-पोरी त्या दोन वर्षांत कशी पिळून निघाली आणि त्यातलं किती टाळता आलं असतं, ते बोलायचंय. मी त्यातलीच एक. माझी रेसिडेन्सी तेव्हा चालू होती. कुठल्या हॉस्पिटलमध्ये, ते राहू दे.

आपल्याकडं पोरगं एमबीबीएसला लागलं की पेढे वाटतात, चौकात डिजिटल लागतो. पुढचा हिशोब त्या डिजिटलवर नसतो. साडेचार वर्षं शिकायचं, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजी, आणि सीट मिळाली तर तीन वर्षं रेसिडेंट. सरकारी दवाखान्यात रात्री दोन वाजता जो डॉक्टर भेटतो, तो बहुतेक वेळा हाच. रक्त काढणं, सलाईन लावणं, रिपोर्टच्या मागं पळणं, फाइल लिहिणं, नातेवाइकांना समजावणं, सगळं त्याच्याकडं. आणि कागदावर तो 'विद्यार्थी' असतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मार्च 2020. नदीच्या पलीकडं, इस्लामपुरात, एकाच कुटुंबातून आणि त्यांच्या संपर्कातून पंचवीसच्या आसपास पेशंट निघाले. आपल्या भागाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे चीन-इटलीचं नाही, दारातलं आहे. मिरजेचं सरकारी हॉस्पिटल कोविडसाठी घेतलं, इकडं कोल्हापूरचं सीपीआर. दोन्ही मेडिकल कॉलेजला जोडलेली. म्हणजे पहिल्या फळीत कोण? इंटर्न आणि रेसिडेंट. 22 मार्चला आपण थाळ्या वाजवल्या तेव्हा यातल्या बऱ्याच जणांनी पीपीई किट अंगावर चढवलंसुद्धा नव्हतं.

किटबद्दल थोडं सांगते, कारण फोटोत ते हिरोसारखं दिसायचं. एकदा घातलं की सहा-आठ तास पाणी नाही, बाथरूम नाही. घामानं गॉगल धुरकट होतो, हातात दोन-दोन ग्लोव्हज, आणि त्यात शीर शोधायची. पाळी असेल तर विचारूच नका. पण खरं सांगू? किटची सवय झाली. सवय झाली नाही ती फोनची. नातेवाइकांना वॉर्डात यायची परवानगी नव्हती, म्हणून पेशंटची शेवटची बातमी आम्हीच फोनवर द्यायचो. आधी ज्याला सकाळी सांगितलेलं असायचं, "ऑक्सिजनवर आहेत, जेवले", त्यालाच रात्री परत फोन लावायचा. हे कसं बोलायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. फोन ठेवला की पुढचा बेड.

आता हिशोबाकडं या, कारण मला वाटतं खरी गोष्ट इथं आहे. 2021 ची नीट पीजी 18 एप्रिलला होती. तीन दिवस आधी, 15 एप्रिलला, ती पुढं ढकलली. लाट चढत होती, त्यामुळं ठीक आहे. मग 3 मे रोजी केंद्रानं सांगितलं की किमान चार महिने परीक्षा नाही, इंटर्नना कोविड ड्युटीला घ्या, शंभर दिवस भरणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देऊ. परीक्षा झाली 11 सप्टेंबरला. काउन्सेलिंग आरक्षणाच्या कोर्ट केसमध्ये अडकलं. सुप्रीम कोर्टाचा आदेश आला 7 जानेवारी 2022 ला, काउन्सेलिंग सुरू झालं 12 जानेवारीला.

म्हणजे काय झालं? एरवी हॉस्पिटल तीन बॅचवर चालतं. जुनी बॅच बाहेर पडली, नवी आलीच नाही. तिघांचं काम दोघांवर. आणि हे दुसऱ्या लाटेनंतर, तिसरी लाट उंबऱ्यावर असताना. डिसेंबर 2021 मध्ये दिल्लीचे रेसिडेंट रस्त्यावर उतरले, ते पगारवाढीसाठी नव्हतं. "आमच्या जागी माणसं पाठवा" एवढंच मागणं होतं. विषाणू कुणाच्या हातात नव्हता, मान्य. काउन्सेलिंगची तारीख माणसांच्याच हातात होती.

कोल्हापूरची गोष्ट तर आणखी निराळी. 2021 च्या जून-जुलैत बाकीचा महाराष्ट्र उघडत होता आणि आपला पॉझिटिव्हिटी रेट उतरायला तयार नव्हता. त्यातच जुलैच्या शेवटच्या आठवड्यात महापूर. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. ड्युटी संपलेल्याला घरी जाता येईना, ड्युटीवर येणाऱ्याला पोचता येईना. जो आत होता तो आतच.

या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या लोकांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. म्हणजे शब्द आयटी कंपनीतून आलेला नाही, दवाखान्यातूनच आलाय. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. आणि त्यांनी हेही लिहिलं की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणाशी जोडलेली अवस्था आहे. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. आपण काय करतो? योगा सेशन ठेवतो. "स्ट्रेस मॅनेजमेंट"चं लेक्चर, तेही ड्युटी संपल्यावर! छत्तीस तास जागलेल्या माणसाला प्राणायाम नको असतो, गादी हवी असते.

आमच्याकडं मराठीत याला सरळ शब्द होता. "काय चाललंय?" विचारलं की उत्तर यायचं, "चिपाड झालंय." कारखान्याच्या गावच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. फक्त एक, कारखान्यात चिपाडसुद्धा वाया जात नाही, बॉयलरला घालतात. आमचंही तेच व्हायचं.

पैशाचं एकच सांगते. 2021 मध्ये महाराष्ट्रात इंटर्नला महिन्याला 11,000 रुपये मिळायचे. दिवसाला साधारण 366. पुढं बोलत नाही.

नियम नव्हते का? होते की. 1992 पासून केंद्राची रेसिडेन्सी योजना आहे, त्यात लिहिलंय की सलग ड्युटी साधारणपणे 12 तासांपेक्षा जास्त नसावी. 'साधारणपणे'. डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नवे नियम काढले. त्यात आठवड्याला एक सुट्टी आहे, कामाच्या गरजेनुसार, आणि 'वाजवी' तास आहेत. आकडा नाही. आता वाजवी कोण ठरवणार? ज्याला तीन माणसांचं काम दोघांत भागवायचंय तो. 2024 मध्ये आयोगाच्याच टास्क फोर्सनं आकडा सांगितला: आठवड्याला 74 तासांच्या वर नको. 74! आणि तोही शिफारस म्हणून. 'विद्यार्थी' शब्द लक्षात ठेवा म्हटलं होतं, तो यासाठी. कामगार म्हटलं की तास मोजावे लागतात.

तुमच्यातल्या कुणाचा दादा, ताई, मित्र आज रेसिडेंट असेल. त्याचा मेसेज चार दिवसांनी आला तर "भाव खातोय" म्हणू नका. "तू डॉक्टर, तुला काय धाड भरलीय" हे तर अजिबात नको. "जेवलास का, झोपलास किती?" एवढं विचारा. आणि तो सुट्टीच्या दिवशीसुद्धा कशातच रमत नसेल, "मी नसतो तर बरं" असलं काही बोलायला लागला असेल, तर ते थकव्याच्या पुढचं आहे. एकटं सोडू नका, घरात कुणाला तरी सांगा. टेलि-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. डॉक्टरनंही तिथं फोन केलेला चालतो.

पुढच्या वेळी बॉन्डबद्दल बोलू. एमबीबीएस झाल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात एक वर्ष काढणाऱ्या पोरांची गोष्ट आहे, आणि ती आपल्या पन्हाळा-शाहूवाडीच्या वाटेवरचीच आहे. चला, भेटू.