संकेतस्थळाची पाने आणि कार्यालयाचा पत्ता



सुरतहून बारडोलीकडे जाणारा रस्ता कडोदरा येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदतो आणि पुढे व्यारा, सोनगड ही गावे ओलांडून नवापुरास, म्हणजे महाराष्ट्रात पोहोचतो. कडोदरा-पलसाणा पट्ट्यातील कापड कारखान्यांत राबणाऱ्या खानदेशी माणसाची गावाकडे जाण्याची वाट हीच. मुलाचा जातीचा दाखला, शेतीचा फेरफार, शिधापत्रिकेतील नाव ही त्याची कामे मात्र गावाकडच्या कचेरीतच अडकलेली असतात. संकेतस्थळावर दिलेला क्रमांक लागला नाही, तर दिवसाची मजुरी बुडवून त्याला गाडी पकडावी लागते.

असे क्रमांक जुने का राहतात? दोष केवळ आळसाचा नाही. पत्ता प्रत्येक पानाच्या मजकुरात हाताने टंकलेला असतो, हे खरे मूळ होय. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. व्यारा व सोनगड ज्यात येतात तो तापी जिल्हा २००७ मध्ये सुरतेतून निघाला. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला. शिवाय २००५ च्या बदल्यांविषयीच्या अधिनियमानुसार अधिकाऱ्याचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा. असा बदल शेकडो पानांवर हाताने करावयाचा, तर एखादे पान सुटणारच. आणि गरजवंताच्या हाती नेमके तेच लागते!

यावर उपाय आहे. वर्डप्रेस, ड्रुपल यांसारख्या प्रणालींत पानाचा मजकूर व त्याची माहिती वेगवेगळी साठविता येते. प्रत्येक कार्यालयाची एकच नोंद ठेवावी: पदनाम, पत्ता, दूरध्वनी, ई-मेल आणि पडताळणीचा दिनांक. नोंद पदाची असावी, व्यक्तीची नव्हे. पानावर फक्त कार्यालयाचा संकेतांक राहील. पान उघडताच आज्ञावली त्या संकेतांकावरून तपशील आणून मांडील. पानाला संकेतांक नसेल, तर वरच्या विभागाचा घ्यावा. तोही नसेल, तर जिल्हा मुख्यालयाचा. अशा निराधार पानांची यादी मात्र आज्ञावलीने आपणहून कर्मचाऱ्यापुढे ठेवली पाहिजे, अन्यथा सर्व चौकशा मुख्यालयावर कोसळतील.

जुन्या पानांना संकेतांक देण्याचे काम आज्ञावली एका फेरीत करू शकते. मजकुरात दडलेले जुने क्रमांक तिने परस्पर पुसू नयेत. ते शोधून द्यावेत, निर्णय माणसाने करावा. नोंद बदलल्यावर पानांच्या साठविलेल्या प्रतीही काढून टाकाव्यात, नाहीतर जुनाच क्रमांक काही काळ दिसत राहतो.

आणखी एक बारीक गोष्ट. नवापुरात बसून नवापूरच्या कचेरीला दूरध्वनी करणाऱ्यास गावाचा संकेतांक लागत नाही, म्हणून तो लिहिण्याचे राहून जाते. कडोदऱ्याहून मात्र त्याविना फोन लागत नाही. यास्तव अधिक चिन्ह, एक्याण्णव, आरंभीचे शून्य वगळून गावाचा संकेतांक आणि मग क्रमांक, अशीच नोंद असावी. मग मोबाईलवर बोट ठेवताच तो कोठूनही लागतो.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे कलम ४ अधिकाऱ्यांची निर्देशिका प्रसिद्ध करावयास सांगतेच. प्रणालीने ते काम सोपे होते. पण एक नोंद चुकली, तर सारी पाने एकदम चुकतात, आणि पलीकडे घंटा वाजते की नाही हे आज्ञावलीस कळत नाही. म्हणून प्रत्येक क्रमांक महिन्यातून एकदा कार्यालयाबाहेरून, शक्य तर जिल्ह्याबाहेरून लावून पाहावा आणि कोणी उचलल्यावरच पडताळणीचा दिनांक बदलावा.