डाव्या बाजूचं झाकण

(नागपुरात महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज ‘स्त्रिया आणि वाहन’ असा विषय दिला आहे. मी मात्र गाडी चालवण्याबद्दल फार बोलणार नाही. नागपूरच्या बाईला गाडी चालवायला शिकवायची गरज नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता डोक्याला स्कार्फ गुंडाळून सीताबर्डीच्या गर्दीतून ती कशी निघते, ते तुम्ही रोज बघता. गाडी बंद पडल्यावर काय होतं, ते आज बोलू या.

सुरुवात माझ्यापासून करते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, समुपदेशन केंद्रात काम करायला लागले. दिवसभर बायकांना सांगायची, ‘स्वतःच्या पायावर उभ्या राहा.’ आणि माझी स्कूटर बिघडली की भावाला फोन करायची. एकदा तो गावाला गेला होता. गाडी सुटताना थरथरायची आणि उड्डाणपुलावर चढताना इंजिन नुसतंच ओरडायचं. मी एकटीच गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मिस्त्रीनं चाक फिरवूनही बघितलं नाही. म्हणाला, ‘मॅडम, पूर्ण गिअरबॉक्स गेला.’ बिल झालं ३,७०० रुपये. त्यात पट्टा, रोलर, क्लच सगळं ‘नवीन’ लिहिलेलं. मी ‘थँक्यू भैया’ म्हणून घरी आले.

चार महिन्यांनी तीच थरथर परत. या वेळी झाकण आम्ही उघडलं. आत पट्टा भेगाळलेला होता आणि रोलर एका बाजूनं घासून चपटे झालेले. चार महिन्यांत ते तसे होत नाहीत. म्हणजे माझ्या पैशांनी फक्त झाकणावरची धूळ पुसली गेली होती. राग आला, पण लाज जास्त वाटली. जुने भाग परत मागायचे असतात, एवढंही मला माहीत नव्हतं.

‘आम्ही’ म्हणजे कोण, ते सांगते. आमच्या वस्तीतली एक मुलगी आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून आली होती. पास झाली, प्रमाणपत्र मिळालं आणि घरी बसली. एका ठिकाणी तिला सांगितलं, ‘काउंटरवर बस, पावत्या फाड, पाना हातात घेतलेला ग्राहकांना आवडणार नाही.’ ती आमच्या केंद्रात नोकरीसाठी अर्ज लिहून घ्यायला आली होती. मी म्हटलं, अर्ज नंतर लिहू, आधी माझी गाडी बघ. रविवारी अंगणात कडुलिंबाखाली पोतं अंथरलं. बघता बघता सात-आठ बायका जमल्या. एक मावशी म्हणाली, ‘काय करून राहिल्या वो पोरी? गाडी मोडून राहिल्या काय?’ आणि तीच सगळ्यात पुढं बसली.

आता आत काय आहे ते सांगते. बिनगिअरची गाडी म्हणजे ‘बायकांची गाडी’, सोपी, बिनडोक, असं लोक बोलतात. लायसन्सवरसुद्धा ‘गिअर नसलेली’ असंच लिहितात. खरं तर तिच्यात गिअर बदलतच असतो, फक्त आपण नाही, ती स्वतः बदलते. ही युक्ती जुनी आहे. हॉलंडच्या डाफ कंपनीनं १९५८ साली अशी पट्ट्याची मोटारगाडी लोकांसमोर आणली. आपल्याकडं १९८४ साली कायनेटिक होंडा आली, तेव्हा बटणावर सुरू होणारी आणि गिअर न टाकता पळणारी स्कूटर लोकांनी पहिल्यांदा पाहिली. त्या आधी १९७२ पासून पुण्याच्या फिरोदियांची लूना होती. आपल्यातल्या कितीतरी शिक्षिका आणि नर्सबाई तिच्यावरूनच कामाला गेल्या. होंडा १९९८ मध्ये त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि पुढं २००१ मध्ये स्वतःची अ‍ॅक्टिव्हा घेऊन आली. आज पेट्रोलवर चालणारी जवळपास प्रत्येक बिनगिअरची स्कूटर आतून त्याच जातीची आहे.

शिलाई मशीन डोळ्यांपुढं आणा. खाली मोठं चाक, वर छोटं, मध्ये पट्टा. आता समजा, चालू मशीनवर ही चाकं आपोआप लहानमोठी होऊ लागली. स्कूटरमध्ये नेमकं तेच होतं. पुढची पुली इंजिनला जोडलेली, मागची चाकाकडं. प्रत्येक पुली दोन बशा समोरासमोर ठेवाव्यात तशी. बशा जवळ आल्या की पट्टा कडेला चढतो, लांब गेल्या की आत उतरतो. पुढच्या पुलीत छोटे गोल रोलर असतात, बहुधा सहा. इंजिन जोरात फिरलं की गोफणीतल्या दगडासारखे ते बाहेर फेकले जातात आणि बशीला ढकलतात. पुढं पट्टा वर चढतो, मागं तो स्प्रिंगच्या विरुद्ध आत शिरतो, गाडी वेग घेते. आणि मागं क्लचच्या पट्ट्या असतात. इंजिन हळू असेल तर मिटलेल्या, फिरलं की उघडून बाहेरच्या वाटीला धरतात. म्हणून सिग्नलला गाडी चालू असूनही जागची हलत नाही.

एवढं कळलं की गाडीची भाषा कळते. सुटताना थरथर असेल तर बहुधा क्लचच्या पट्ट्या किंवा वाटी चकचकीत, काचेसारखी झालेली असते. पॉलिश पेपरनं हलकं घासलं तरी पुष्कळदा भागतं. इंजिन ओरडतं आणि गाडी सरकत नाही, तर पट्टा बारीक झाला असेल नाहीतर सटकत असेल. हळू चालताना खडखड येत असेल तर रोलर बघायचे. यातलं एकही ‘पूर्ण गिअरबॉक्स’ नाही. गिअरचा डबा त्याच्या मागं वेगळा असतो, त्यात चहाच्या कपाएवढं तेल असतं, आणि तेच बदलायचं लोक विसरतात.

झाकण उघडायला गोटी पान्याचा सेट पुरतो. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद आणि थंड. आतली काळी धूळ तोंडानं फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. क्लचच्या घासलेल्या पट्ट्यांची ती भुकटी असते, फुफ्फुसाला वाईट. पट्ट्याला आणि बशांच्या आतल्या बाजूला ग्रीस-तेलाचं बोटही लावायचं नाही. आमची एक ताई प्रेमानं ग्रीस लावायलाच निघाली होती! आणि मागच्या पुलीचा मोठा नट घरी खोलायचा नाही. त्यामागं दाबलेली स्प्रिंग असते, सुटली तर तोंडावर येते. ते काम योग्य अवजार असलेल्या दुकानातच. आपल्याला काय येत नाही, हे कळणंही त्या मुलीनंच आम्हाला शिकवलं.

चूक आमच्याकडूनही झाली. नवा पट्टा बसवताना तो मागच्या पुलीत खोल दाबला नाही. पुढचा नट घट्ट आवळला, अगदी दोघींनी जोर लावून. मुलीनं चाक हातानं फिरवलं आणि थांबली. पट्टा पुढच्या दोन बशांमध्ये चिमटला होता. नट आवळलेला वाटत होता, पण तो बशीवर नाही, पट्ट्यावर आवळला होता. तशीच गाडी काढली असती तर वर्धा रोडवर नट सैल होऊन काय झालं असतं, कल्पना करा. पुन्हा सगळं खोललं.

आता डब्यांची ताई. पाचपावलीहून हिंगण्याच्या एमआयडीसीत रोज तीस-पस्तीस डबे नेते. भरलेल्या गाडीला उचल नाही, म्हणून तिनं विचारलं, हिला जास्त ताकद नाही का देता येणार? येते. हलक्या वजनाचे रोलर टाकले की इंजिन जास्त फिरतं आणि चढावर गाडी जोर धरते. सहाही एकाच वजनाचे हवेत. तिनं टाकले, पहिला आठवडा खूश. दोन महिन्यांनी वही घेऊन आली: पेट्रोल रोज किती जास्त लागतं ते लिहिलेलं. परत कंपनीच्या वजनाचे बसवून घेतले, पण या वेळी नवा पट्टाही टाकला. उचल आली. मूळ दोष पट्ट्याचाच होता. तिनं तो हिशेब मांडला, मी नाही.

कुणीतरी मघाशी विचारलं, चारचाकीच्या ऑटोमॅटिकचं काय? तिथं भाषा वेगळी. २०१४ च्या सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत जो प्रकार आला, त्यात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच आणि गिअर मशीन दाबतं. महागड्या गाड्यांतला तेलावर चालणारा डबा अंगणात उघडायची वस्तू नाही. पण तेलाचा रंग विचारा. लाल तेल तपकिरी झालं, जळका वास आला, तर ती दुरुस्ती लांबवू नका.

शेवटी केंद्रातली एक गोष्ट. एक बाई सासर सोडून आली. माहेरच्यांनी लग्नात दिलेली स्कूटर तिकडंच राहिली. बैठकीत नवरा म्हणाला, ‘तिला त्यातलं काय कळतं? दुरुस्ती मीच करतो, म्हणून गाडी माझी.’ ती गप्प. मी कायदा सांगितला: १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की स्त्रीधन बाईचंच, सासरकडं ते नुसतं सांभाळायला असतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या १९ व्या कलमाखाली दंडाधिकारी ते परत करायला सांगू शकतात. आरसी तिच्या नावावर होती, म्हणून काम सोपं झालं. तुम्ही आपापल्या आरसीवर नाव कुणाचं आहे, ते आज घरी जाऊन बघा. गाडी आली तेव्हा तिचा पट्टा तुटलेला होता. मुद्दाम की आपोआप, माहीत नाही. ती बाई पुढच्या रविवारी पोत्यावर बसली आणि तिनं तो स्वतः बदलला. जुना पट्टा केंद्राच्या भिंतीवर खिळ्याला लटकतोय, येणाऱ्या बाया विचारतात हे काय.

ती मुलगी आता आठवड्यातून तीन दिवस तिच्या घराच्या ओट्यावर गाड्या बघते. बोर्ड अजून लावला नाही, वडील नको म्हणतात. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

बाहेर ती पांढरी गाडी उभी आहे ना, सुटताना थरथरते ती? चहा झाला की तिचं डावं झाकण उघडू. पदर खोचून या.