विद्यार्थ्यांची नभोवाणी



नभोवाणी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरे, शक्तिशाली प्रक्षेपक आणि राजधानीहून येणारा भारदस्त आवाज उभा राहतो. परंतु आपल्या देशात ध्वनिक्षेपणाचा आरंभ अशा थाटामाटात झालेला नाही. १९२३ साली मुंबईत आणि कलकत्त्यात जे पहिले कार्यक्रम प्रक्षेपित झाले, ते हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबांनी केले. पुढच्याच वर्षी मद्रासेत तोच प्रयोग झाला. आणि ज्या ‘आकाशवाणी’ या नावाने आज सारा देश आपल्या नभोवाणीला ओळखतो, ते नाव तर एका महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या केंद्रावरून आलेले आहे. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविणारे एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी आपल्या राहत्या घरी अवघ्या तीस वॉट शक्तीचा प्रक्षेपक बसवून केंद्र सुरू केले. तीस वॉट म्हणजे एका मंद दिव्याला लागेल एवढी वीज! तेवढ्या बळावर म्हैसूरकरांनी आपल्या गावातले गायन आणि आपल्या विद्वानांची भाषणे घरबसल्या ऐकली. १९४२ मध्ये हे केंद्र संस्थानाच्या सरकारने आपल्याकडे घेतले आणि १९५५ मध्ये ते बंगळूरला आले.

प्राध्यापकाच्या घरातले केंद्र सरकारच्या हाती जावे, यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटले नसावे. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्याने संदेशवहनाचा विशेषाधिकार सरकारकडे ठेवला होता आणि स्वातंत्र्यानंतरही तोच कायदा चालू राहिला. परिणाम असा झाला की जे पाश्चात्त्य देशांत विद्यार्थी सहज करीत होते, ते आपल्याकडे दीर्घकाळ घडू शकले नाही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात १९३६ साली दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहांच्या खोल्याखोल्यांतून तारा ओढून आपली नभोवाणी उभारली. विद्यार्थीच व्यवस्थापक, विद्यार्थीच निवेदक, विद्यार्थीच यंत्रज्ञ. १९४० पर्यंत अशा केंद्रांचा आंतरमहाविद्यालयीन संघही स्थापन झाला. इंग्लंडात यॉर्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९६८ मध्ये रीतसर परवानगीने केंद्र चालविण्यास आरंभ केला.

आपल्याकडे वाट मोकळी झाली ती न्यायालयातून. आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. त्यानंतर १९९६ मध्ये बंगळूर येथेच जमलेल्या कार्यकर्त्यांनी लोकांच्या हाती लहान नभोवाणी केंद्रे द्यावीत अशी मागणी करणारा जाहीरनामा काढला. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना परवानगी मिळू लागली, आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातून पहिले असे केंद्र बोलू लागले. २००६ मध्ये हे धोरण स्वयंसेवी संस्थांनाही लागू झाले. आज पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ मेगाहर्ट्झवर मराठी श्रोत्यांना परिचित आहे, तर बंगळुरात जैन संस्थेचे ‘रेडिओ अॅक्टिव्ह’ हे केंद्र २००७ पासून ९०.४ वर ऐकू येऊ लागले. शहराची सफाई करणारे कामगार आणि तृतीयपंथी समाजातील निवेदिका यांचे आवाज या केंद्राने लोकांच्या घरांत पोहोचविले, ही त्याची मोठी कामगिरी होय.

आता संगीताकडे वळू. कारण विद्यार्थ्यांच्या केंद्राचा प्राण त्यातच असतो. नभोवाणीवर कोणते गाणे लागावे हे कोणी ठरवायचे, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी अभिजात संगीताला मानाचे पान वाढले. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला, आणि त्याबद्दल रसिक त्यांचे ऋणी राहतील. परंतु त्याच वेळी चित्रपटगीतांना नभोवाणीची दारे जवळजवळ बंद झाली, आणि श्रोत्यांनी निमूटपणे काटा फिरवून सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. लोकांची अभिरुची वरून घडविण्याचा प्रयत्न कितीही सद्हेतूने केला, तरी श्रोत्याच्या बोटात काटा असतो, हा त्या प्रकरणाचा धडा.

पुढे ३ जुलै २००१ रोजी बंगळुरातच देशातील पहिले खाजगी एफ.एम. केंद्र सुरू झाले. निवडीचा अधिकार मंत्र्याकडून निघाला, तो जाहिरातदाराकडे गेला. जाहिरातदाराला मोठा श्रोतृवर्ग हवा असतो, मोठ्या श्रोतृवर्गाला परिचित गाणे पुरते, आणि म्हणून तीच दहा-वीस गाणी दिवसभर फिरत राहतात. यात कोणाचा दुष्टावा नाही. हिशेबच तसा आहे.

विद्यार्थ्यांच्या केंद्राला हा हिशेब लागू नाही. तेथे रात्री नऊ वाजता एखादा मुलगा आपल्याला आवडलेले अनोळखी गाणे लावतो आणि ते का आवडले हे अडखळत सांगतो. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात आर.ई.एम.सारखी वाद्यवृंद-मंडळी व्यापारी केंद्रांच्या कितीतरी आधी महाविद्यालयीन केंद्रांवरूनच ऐकली गेली. आपल्याकडे आणखी एक गोष्ट या केंद्रांच्या पथ्यावर पडते. चित्रपटगीत वाजवायचे तर हक्कधारकाला मोबदला द्यावा लागतो, आणि केंद्राची तिजोरी तर रिकामी! शिवाय निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झाले पाहिजेत, असा सरकारचा नियमच आहे. तेव्हा विद्यार्थ्याला ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन बाहेर पडावेच लागते. देवळातले भजनी मंडळ, लग्नात सनई वाजविणारा, जात्यावरच्या ओव्या आठवणारी आजी, वसतिगृहातला गिटार वाजविणारा सोबती, हे त्याचे कलावंत. दारिद्र्याने घडविलेली ही रसिकता आहे, आणि ती खरी आहे.

या लहान केंद्राची ताकद त्याच्या लहानपणात आहे. शंभर वॉटपर्यंतची प्रभावी शक्ती आणि तीस मीटर उंचीचा मनोरा. तेवढ्यात आवाज साधारण दहा किलोमीटरपर्यंत जातो. एफ.एम.च्या लहरी सरळ रेषेत धावतात, उंच इमारत आडवी आली की त्या क्षीण होतात. म्हणून श्रोता जवळचाच असतो, आणि निवेदकाला तो ओळखीचा असतो.

बंगळूरच्या उत्तरेकडील हेब्बाळचेच उदाहरण घेऊ. येथे १८९९ मध्ये म्हैसूरच्या राजमातेने दिलेल्या तीस एकर जमिनीवर शेतीचे प्रयोगक्षेत्र उभे राहिले आणि १९४६ मध्ये कृषि महाविद्यालय निघाले. आज त्याच परिसरातून उड्डाणपुलावर मोटारींची रांग अखंड वाहते आणि तळ्याच्या काठी गृहसंकुले उभी आहेत. नाचणीच्या वाणावर काम करणारा विद्यार्थी आणि संगणकाच्या कचेरीत जाणारा तरुण एकाच दहा किलोमीटरांत राहतात. त्यांची गाठ घालून देणारा आवाज एखाद्या विद्यार्थी-केंद्राचाच असू शकतो. कर्नाटकात धारवाडच्या कृषि विद्यापीठाने २००७ मध्ये असे केंद्र सुरू करून वाट दाखविलेलीच आहे.

याच हेब्बाळात २०१८ साली एक शिलालेख प्रकाशात आला. तो इ. स. ७५० च्या सुमाराचा आहे. या भागावर, म्हणजे तेव्हाच्या पेर्बोळल्नाडूवर, चालून आलेल्यांशी लढताना कित्तय्या नावाचा वीर पडला, असे त्यात कोरले आहे. म्हणजे हेब्बाळचा हा जुना लेख ही एक स्थानिक बातमीच आहे: कोण आले, कोण लढले, कोण पडले. आणि नेमकी हीच गोष्ट आजच्या लहान केंद्रांना वर्ज्य आहे! त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा प्रक्षेपित कराव्यात. हवामान, वाहतूक, पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल सांगावेत, इतकीच मुभा पुढे मिळाली. पाणी आज येणार नाही हे सांगता येते. ते का येणार नाही, हे विचारण्याची पाळी आली की निवेदकाने गाणे लावावे, अशी ही व्यवस्था आहे. शासनाची चिंता मी समजू शकतो. अफवेला लहरींचे पंख मिळाले तर काय होईल, हा प्रश्न खोटा नाही. परंतु वृत्तपत्राला जो कायदा पुरतो, तो शंभर वॉटच्या केंद्राला का पुरू नये, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

दुसरी अडचण घराच्या आतली आहे. शासकीय सेवेत काही वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: परवान्यावर ज्याचे नाव, जबाबदारी त्याची, आणि जबाबदारी ज्याची, खोलीची किल्ली त्याची. आपल्याकडे परवाना संस्थेला मिळतो, विद्यार्थ्याला नव्हे. एका तक्रारीने परवाना धोक्यात येईल या भीतीने चालक आधी ध्वनिमुद्रित, तपासलेले कार्यक्रम मागू लागतात. हळूहळू केंद्रावर पाहुण्यांची भाषणे आणि संस्थेचे अहवाल उरतात, आणि विद्यार्थी यंत्रापाशी केवळ मदतनीस म्हणून बसतो. त्यात दर वर्षी जुना संच पदवी घेऊन निघून जातो, परीक्षेच्या दिवसांत खोली ओस पडते, आणि जमविलेली ध्वनिमुद्रणे कोणाच्या तरी कपाटात हरवतात.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. केंद्राच्या समितीत विद्यार्थ्यांना मतासह जागा असावी. रोज निदान दोन तास असे असावेत की ज्यांचे कार्यक्रम विद्यार्थ्यांनीच ठरवावेत आणि ज्यांचे उत्तरदायित्वही त्यांनीच घ्यावे. जाणाऱ्या संचाने येणाऱ्या संचाला ध्वनिमुद्रणांची नोंदवही रीतसर सोपवावी. कचेरीत आम्ही कार्यभार सोपवितो तशी.

जो मुलगा विसाव्या वर्षी ‘मी काय बोललो याला मी जबाबदार आहे’ हे ध्वनिक्षेपकासमोर शिकतो, तो पुढे चांगला नागरिक होण्याची शक्यता अधिक. म्हैसूरच्या त्या प्राध्यापकाने तीस वॉटवर विश्वास ठेवला, म्हणून देशाच्या नभोवाणीला नाव मिळाले. आपल्या मुलांवर शंभर वॉटपुरता विश्वास ठेवण्यास आपल्याला हरकत नसावी.