ओढण्याआधी वजन करा

अमेरिकेत जून ते ऑगस्ट हे घर हलवण्याचे महिने. शाळांना सुट्टी असते, नव्या नोकरीची तारीख ठरलेली असते, मुलांचं विद्यापीठ बदलायचं असतं. न्यू जर्सीतलं एखादं मराठी कुटुंब टेक्ससला निघतं, मिशिगनमधलं नॉर्थ कॅरोलिनाला. सामान हलवणाऱ्या कंपन्यांचे भाव ऐकले की साहजिकच मनात येतं, दारात दणकट एसयूव्ही उभी आहे, तिच्यामागे भाड्याचा ट्रेलर जोडावा आणि आपणच निघावं. या विचारात चूक काहीच नाही. लेनर्ड शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी यांनी १९४५ साली वॉशिंग्टन राज्यात यू-हॉल सुरू केली ती याच गरजेपोटी: एका गावात ट्रेलर घ्यायचा आणि दुसऱ्या गावात परत करायचा. पण गाडीची तयारी करताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, “आपली गाडी किती ओढेल?” माझं म्हणणं असं की हा प्रश्न अपुरा आहे. गाडीच्या मागच्या बाजूला किती भार पेलेल, आणि भरलेला ट्रेलर मागे असताना गाडी ताब्यात राहून किती अंतरात थांबेल, हे आधी कळायला हवं. त्याचं उत्तर इंजिनाच्या ताकदीत सापडत नाही, ते वजनकाट्यावर सापडतं.

माहितीपत्रकातल्या ठळक आकड्यापासून सुरुवात करू. होंडा पायलटचं चारही चाकांना जोर देणारं मॉडेल ५००० पौंड, म्हणजे सुमारे २२७० किलो ओढू शकतं असं कंपनी सांगते. त्याच पायलटच्या दोनच चाकांना जोर देणाऱ्या मॉडेलला ही मर्यादा ३५०० पौंडांची आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या आणि आपल्या गाडीचं नाव एकच असलं तरी आकडा एकच असेल असं नाही. काही गाड्यांमध्ये तर कारखान्यातूनच टोइंग पॅकेज, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा जादा कूलर वगैरे, बसवलेलं नसेल तर मर्यादा बरीच खाली येते. आता हा आकडा कसा ठरतो ते पाहा. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्या त्यासाठी जे२८०७ नावाचं प्रमाण वापरतात. त्यातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या ११.४ मैलांच्या चढावर बेतलेली आहे. रणरणत्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसकट तो चढ ताशी ४० मैलांच्या खाली न येता पार करायचा. चाचणी कडक आहे आणि आकडा खोटा नाही. मात्र तो काढताना गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मागच्या सीटवरची मुलं, भारतातून आलेले आईवडील आणि डिकीतल्या बॅगा त्या हिशोबात नसतात.

म्हणून दुसरा आकडा शोधायचा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारी चिठ्ठी दिसते. तिच्यावर माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल ते छापलेलं असतं. समजा ते १३०० पौंड आहे. नवरा-बायकोचे ३२० पौंड, दोन मुलांचे १४०, पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांचे २८०. झाले ७४०. गाडीमागे बसवलेला हिच आणि बॉलचा लोखंडी जोड यांचे ५० धरा. डिकीत विमानप्रवासाच्या मापाच्या दोन बॅगा, म्हणजे आणखी १००. बेरीज ८९०. उरले ४१०. आता मागे सहा फूट बाय बारा फुटांचा बंद ट्रेलर जोडू. तो रिकामा असतानाच १९२० पौंडांचा आणि पूर्ण भरल्यावर ४४०० पौंडांचा होतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार त्याच्या पुढच्या दांड्यातून थेट गाडीवर येतो. याला टंग वेट म्हणतात. ४४०० चे १० टक्के झाले ४४०, १५ टक्के झाले ६६०. शिल्लक आहे ४१०. ट्रेलर ५००० च्या मर्यादेपेक्षा ६०० पौंडांनी हलका असूनही गाडी तिच्या मर्यादेबाहेर गेली. शिवाय ५००० पौंडांच्या बहुतेक हिचवर दांड्याच्या भाराची मर्यादा ५०० पौंडांची असते. म्हणजे दारावरच्या चिठ्ठीतून सुटलो तरी हिचपाशी अडकायचं.

यावर सुचणारा पहिला उपाय मोठा घातक असतो. पुढे भार जास्त होतो ना, मग जड सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला सारा! असं केल्याने गाडीची मागची बाजू वर येते, सगळं छान समतल दिसतं, आणि नेमका तिथेच धोका तयार होतो. ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. भार आसाच्या मागे गेला की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. बैलगाडीचा वेग कमी, म्हणून तेवढ्यावर भागतं. ट्रेलर मात्र ताशी साठ मैलांनी धावत असतो. वजनाचा मध्य चाकांच्या मागे गेला की बाजूच्या वाऱ्याची झुळूक किंवा शेजारून गेलेला मोठा ट्रक त्याला एक हेलकावा देतो. दांड्यावर पुरेसा भार असेल तर तो हेलकावा आपोआप विरतो. भार नसेल तर एका ठरावीक वेगानंतर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी शेपूटच गाडीला फिरवतं. म्हणून भाड्याने देणाऱ्या कंपन्या बजावतात की एकूण सामानातलं ६० टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात ठेवा. पुस्तकांची खोकी, मिक्सर, वॉशिंग मशीन पुढे आणि तळाशी. गाद्या, उशा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागे. सगळं पट्ट्यांनी आवळलेलं हवं, कारण वाटेत खोकी सरकली की घरी केलेला सगळा हिशोबही सरकतो. दांड्यावरचा भार जास्त होत असेल तर खरा उपाय एकच, सामान कमी करायचं.

गाडीच्या मागच्या टोकाला आलेला भार नुसता मागे बसून राहत नाही, हेही समजून घेण्यासारखं आहे. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत १० फूट अंतर आहे आणि बॉल मागच्या चाकांच्या ४ फूट मागे आहे. बॉलवर ५०० पौंड आले की तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचे २०० पौंड उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ५०० नव्हे, ७०० पौंड वाढतात. गाडी वळवण्याचं काम पुढची चाकं करतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच. तीच हलकी होतात, हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात, मागचे टायर तापतात. म्हणून मागच्या टायरची हवा मॅन्युअलमध्ये ट्रेलरसाठी सांगितली असेल तितकी, आणि ती टायर थंड असताना भरायची. जोडणीतही तेवढीच काटेकोर नजर हवी. बॉलचं माप ट्रेलरच्या कपलरला, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या बॉलवर बसणाऱ्या खोबणीला, जुळलंच पाहिजे. पावणेदोन इंचांहून थोडा मोठा, म्हणजे एक पूर्णांक सात-अष्टमांश इंचांचा बॉल आणि दोन इंचांचा बॉल नुसत्या नजरेला सारखेच वाटतात, पण मोठ्या कपलरखाली लहान बॉल गेला तर खड्ड्यात तो निसटू शकतो. बॉलवर त्याचं माप आणि पेलणारं वजन कोरलेलं असतं, ते वाचायचं. सुरक्षेच्या दोन्ही साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या ओलांडून अडकवायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तरी दांडा साखळ्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. दिव्यांच्या साध्या चार तारांच्या जोडात पांढरी तार अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या आणि हिरवी उजव्या बाजूच्या ब्रेक-इंडिकेटरची. मागे एकाने उभं राहून प्रत्येक दिवा पेटतो का ते पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये.

आता थांबण्याचं बघू. लहान भाड्याच्या ट्रेलरना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. त्यांचं सगळं वजन आपल्या गाडीच्या ब्रेकवर येतं. मोठ्या ट्रेलरना असतात, पण म्हणून अंतर कमी ठेवून चालत नाही. चालत्या वाहनातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ५५ मैलांऐवजी ७० मैलांनी गेलं तर वेग सव्वापटीच्या आसपास वाढतो, पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे ६२ टक्क्यांनी वाढते. यू-हॉलच्या ट्रेलरवर ताशी ५५ मैलांची मर्यादा छापलेली असते, आणि कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांसाठी तो कायदाच आहे. हेलकावे सुरू झालेच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि गाडी आपोआप मंदावू द्यायची. घाबरून ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं तर हेलकावा वाढतो.

यावर काही आक्षेप येतात आणि ते विचारात घ्यायला हवेत. पहिला, ट्रेलर देणारी कंपनी सगळं तपासूनच देते. खरं आहे, ती गाडीचं मॉडेल, हिच, बॉल आणि दिवे पाहते. पण त्या वेळी ट्रेलर रिकामा असतो. तो भरतो आपल्या ड्राइव्हवेमध्ये, तिथे तपासणीस कुणी नसतो. दुसरा, आजकालच्या एसयूव्हीत हेलकावे आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ती एकेका चाकाला ब्रेक लावून सुरुवातीचा हेलकावा मोडते आणि अनेकदा जीवही वाचवते. परंतु ती टायरच्या पकडीच्या भरवशावर चालते, आणि ट्रेलरमध्ये चुकीच्या जागी ठेवलेलं वजन तिला हलवता येत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत दमदार आहे: कंपन्या आकडे राखून सांगतात, शेकडो लोक ते ओलांडतात आणि सुखरूप पोचतात. पोचतात, कारण त्या दिवशी जोराचा वारा नसतो आणि पुढची गाडी अचानक थांबत नाही. राखीव म्हणून जे काही ठेवलेलं असेल ते अशा अवघड क्षणासाठी असतं. घरून निघतानाच ते खर्च केलं तर त्या क्षणी हाताशी काही उरत नाही. शिवाय पुढच्या गाडीतल्या लोकांनी ही जोखीम पत्करलेली नसते.

चौथा आक्षेप असा, की एवढी यातायात करायची तर सरळ भाड्याचा ट्रक का नको? अनेकांच्या बाबतीत हेच योग्य उत्तर आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. तीन बेडरूमचं घर आणि सहा माणसं एका एसयूव्हीवर लादण्यापेक्षा ट्रक भाड्याने घेणं शहाणपणाचं. ट्रेलर शोभतो तो एका खोलीच्या संसाराला, विद्यार्थ्याच्या सामानाला, थोड्या फर्निचरला. आपलं प्रकरण कोणत्या बाजूला पडतं हे अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी महामार्गालगतच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटे असतात आणि थोडक्या डॉलरमध्ये कुणालाही तिथे काटा करून मिळतो. आधी सगळी माणसं आणि बॅगा घेऊन एकट्या गाडीचं वजन करा. मग भरलेला ट्रेलर जोडून पुन्हा. काट्याच्या वेगवेगळ्या फळ्यांवर पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं उभी केली की तिन्हींचं वजन स्वतंत्र छापून येतं. गाडीच्या चारही चाकांवरचं वजन दुसऱ्या वेळी जितकं वाढलं, तितका दांड्यावरचा भार. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत आहे का, हिचच्या मर्यादेत आहे का, आणि माणसं-सामान धरून दारावरच्या आकड्यात बसतो का, एवढं ताडून पाहायचं.

तेव्हा श्रोतेहो, यंदा ट्रेलरचं बुकिंग करण्यापूर्वी गाडीचं दार उघडून ती चिठ्ठी वाचा, कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करा, आणि भरलेला ट्रेलर महामार्गावर नेण्याआधी एकदा काट्यावर न्या. हिशोब बसला तर निर्धास्त निघा, आणि ताशी ५५ मैलांवर राहा. नाही बसला तर सामान कमी करा किंवा ट्रक घ्या. घर हलवताना दोन दिवस उशीर झाला तर चालतो, पण गाडीतल्या माणसांच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी तडजोड करू नका.