देवाचं वचन कुणी लिहिलं?

(पेडगाव, जि. परभणी इथं महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



वेड पांघरून पेडगावला जायची म्हण तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. ते पेडगाव श्रीगोंद्याकडचं, असं तुम्ही सांगता, तरी लोक हसतातच! तोंडी बसलेलं वाक्य कुणी, कशासाठी म्हटलं हे कोणी विचारत नाही. मग धर्मग्रंथात छापलेल्या वाक्याबद्दल कोण विचारणार?

आमच्या सल्ला केंद्रात एक ख्रिस्ती बाई आली होती. नवरा मारायचा आणि वर बायबल उघडून दाखवायचा, की बायकोनं नवऱ्याच्या अधीन असावं. ती म्हणाली, ‘‘ताई, देवानंच लिहिलंय. मी दाद कुणाकडं मागू?’’

मी ख्रिस्ती नाही. पण तिच्यासाठी म्हणून वाचायला बसले, ते आज तुमच्यापुढं मांडते.

मीमांसक वेदांना अपौरुषेय मानतात, म्हणजे ते कुणीच रचले नाहीत. बायबलबद्दल ख्रिस्ती श्रद्धा वेगळी आहे. प्रेरणा देवाची, पण लिहिणारी माणसं खरीखुरी, आपापल्या बुद्धीनं आणि भाषेत लिहिणारी. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये हेच स्पष्ट शब्दांत मांडलं. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट आठवा. तिथं जनी सांगते आणि विठ्ठल लिहून घेतो, असं लोक मानतात. इथं उलट, सांगणारा देव आणि लिहिणारी माणसं.

ही माणसं लपलेली नाहीत. लूक सुरुवातीलाच सांगतो, की मी सगळ्याची नीट चौकशी करून लिहितोय. रोमकरांना पत्र पौलाचं, पण लिहून घेणारा तर्तियस मधेच स्वतःचा नमस्कार घालतो! तीमथ्याच्या पत्रात तर त्रोवसला राहिलेला झगा घेऊन ये, असा निरोप आहे. करिंथकरांना लग्नाबद्दल लिहिताना पौल एका ठिकाणी म्हणतो, हे मी सांगतो, प्रभू नव्हे. स्वतः लिहिणाराच असा फरक करतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता त्या बाईचं वाक्य. ते इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात, बाविसाव्या ओवीत आहे. एकविसावी ओवी म्हणते, एकमेकांच्या अधीन असा. म्हणजे नवऱ्यानंसुद्धा! सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या ओवीला स्वतंत्र क्रियापदच नाही, ते एकविसावीतून येतं. पण नव्या करारातले ओव्यांचे आकडे १५५१ मध्ये रॉबेर एस्तियेन या मुद्रकानं घातले. पुढं कित्येक छापील प्रतींत दोहोंच्या मधे ‘पतिपत्नी’सारखा मथळाही आला. ती रेघ माणसानं मारली, आणि मार बसला बाईला.

कायद्याचंही तसंच. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र बहुतेक वेळा व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये त्यावर बोट ठेवलं आणि २००१ मध्ये संसदेनं कायदा बदलला. आज नुसत्या क्रूरतेवरही तिला घटस्फोट मागता येतो.

मग वचन नव्यानं लिहिण्याचा हक्क बाईला आहे का? पंडिता रमाबाईंनी तो कुणाला विचारला नाही. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, त्यांना संस्कृत शिकू दिलं, तरी वेद बाईसाठी बंदच होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तिथल्या धर्मभगिनींनी सांगितलेला अर्थही त्यांनी मुकाट्यानं मानला नाही. तसे त्यांचे खटके पत्रांतून दिसतात. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल साध्या माणसाला कळेल अशा मराठीत आणायला बसल्या. आयुष्याची शेवटची पंधराहून जास्त वर्षं त्यात गेली. छपाईही तिथंच. खिळे जुळवणाऱ्या, पानं दुमडणाऱ्या बायका आश्रमातल्याच, त्यातल्या कित्येक विधवा आणि दुष्काळातून आलेल्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

आज चर्चमध्ये सहसा बायबल सोसायटीचं भाषांतर वाचतात, रमाबाईंचं क्वचितच. पुढच्या बैठकीला मी दोन्ही आणते. इफिसकरांचा पाचवा अध्याय काढू, मथळ्यावर हात ठेवू आणि दोन्ही ओव्या सलग वाचू. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांजवळ बसावं.