पोरे हात बघतात



आपले घर, आपली माती, आपले पाणी जपायची सवय पोरांना कशी लावावी, यावर बोलायला मला बोलावले आहे. शाळेच्या भिंतीवर तर सारे लिहिलेलेच असते. झाडे लावा, पाणी वाचवा, कचरा करू नका. पोरे ते घडाघडा वाचतात. मग घरी येतात. अंगणात नळ वाहतो आहे. कोणी बंद करीत नाही. मग पोरही करीत नाही.

असे का होते? पोर कानाने ऐकते, पण शिकते ते डोळ्यांनी. आई काय बोलते त्यापेक्षा आईचा हात काय करतो, तिकडे त्याचे ध्यान असते. बाप पुडी फाडतो, तोंडात टाकतो, पुडीचा कागद तिथेच टाकतो. चार वर्षांचे पोर आपल्या खाऊच्या पाकिटाचे अगदी तसेच करते. मागे कोणी तरी हसले. म्हणजे ठाऊक आहे तर!

गाडगेबाबांचे नाव आपल्या घराघरांत आहे. १८७६ साली जन्मले, १९५६ साली गेले. बाबा एखाद्या गावात गेले की आधी हातात खराटा घेत. दिवसा गाव झाडीत, रात्री कीर्तन करीत. लोकांनी दिवसा त्यांचे हात पाहिलेले असत. म्हणून रात्रीचा शब्द मनात उतरे.

तर आज आपल्या हातांचेच थोडे बोलू. गाईपासून सुरू करू.

भाजीची देठे, केळीच्या साली, शिळी भाकर हे सारे आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतो. वर घट्ट गाठ मारतो. "जा रे, उकिरड्यावर टाकून ये," म्हणतो. पोर पळत जाते आणि टाकून येते. मागून गाय येते. तिला आतल्या सालींचा वास लागतो. गाठ सोडायला तिला हात नाहीत. शेळी ओठांनी निवडून निवडून खाते. गाय तशी निवडीत बसत नाही. ती जिभेने ओढते आणि गिळते. साली पोटात जातात, बरोबर पिशवीही जाते.

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. चारा तिथे मुरतो, मग गाय रवंथ करते. प्लॅस्टिक मुरत नाही. पुढेही सरकत नाही. आज एक पिशवी, उद्या एक, कधी दोरी, कधी चिंधी. त्यांचा आत गोळा होतो. गाईला पोट भरल्यासारखे वाटते. ती चारा सोडते, वाळत जाते. दूध आटते. डावी कूस फुगते. आपण म्हणतो, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरतो. शेवटी जनावरांचे डॉक्टर येतात, डावी कूस उघडतात, तेव्हा आतून पिशव्यांचा ढीग निघतो. वेळेवर कळले तर गाय वाचते. उशीर झाला तर नाही वाचत. एका गाईवर घरातल्या किती जणांचे चालते, ते मी तुम्हाला काय सांगावे?

ही गोष्ट पोराला गोठ्यात नेऊन सांगा. गाईच्या डाव्या कुशीवर त्याचा हात ठेवा. कोठीपोट हलते ते हाताला लागते. "बघ, इथे तिचा चारा असतो. पिशवी गेली तर इथेच अडकते." एवढे पुरे. लांबण लावू नका. दुसऱ्या दिवशी आपण स्वतः साली पिशवीविना टाका. पोर बघतेच.

आता साली टाकायच्या कुठे? जनावराला चालेल ते त्याच्या दावणीत. उरलेल्याचा खड्डा करा. दोन हात लांब, दोन हात रुंद, गुडघाभर खोल. तो पोराच्या ताब्यात द्या. "हा तुझा खड्डा." ओल्या कचऱ्यावर वाळला पाचोळा, त्यावर मूठभर माती किंवा शेण. वास मारू लागला तर समजा, ओल जास्त झाली. आणखी पाचोळा घाला. चार महिन्यांत खाली काळे, भुसभुशीत खत दिसू लागेल. त्यातले पहिले टोपले पोराच्या आवडीच्या झाडाला घाला. मग ते झाड बकरीने खाल्ले तर पोरगे सारी आळी डोक्यावर घेईल. घेऊ द्या.

शेजारी आणखी दोन छोटे खळगे करा. मृगाचा पाऊस पडला की एकात केळीची साल पुरा. दुसऱ्यात खाऊचे रिकामे पाकीट पुरा. वर काठ्या रोवा. दिवाळीला दोन्ही उकरा. साल सापडणार नाही, तिची माती झालेली असेल. पाकीट जसेच्या तसे निघेल. धुतले तर अक्षरेही वाचता येतील! हे पोराच्या हाताने उकरवा. मास्तरांच्या दहा धड्यांपेक्षा हे त्याला जास्त कळेल. मग उकिरड्यातले प्लॅस्टिक शेतात का जाऊ द्यायचे नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही. ते मातीत गेले की पाणी नीट मुरत नाही, मुळे अडतात, आणि वर्षानुवर्षे तसेच पडून राहते.

बायांनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. सकाळी चूल पेटत नाही, लाकूड ओले असते, घाई असते. आपण पिशवी पेटवून आत सारतो. भसकन जाळ होतो. तो काळा धूर मात्र विषारी असतो. तो आपल्या छातीत जातो आणि मांडीवरच्या लेकराच्याही जातो. राखेत त्या प्लॅस्टिकची घाण उरते, आणि त्याच राखेने आपण ताट-वाट्या घासतो. पऱ्हाट्या, नारळाची शेंडी, वाळल्या काटक्या आदल्या रात्रीच कोरड्या जागी काढून ठेवा. हे काम पोरांना सांगा. संध्याकाळी खेळून येताना मूठमूठ काटक्या आणतील. चूल पेटायची चिंता उरणार नाही.

पाण्याचे तर पोरांकडूनच मोजून घ्या. गळक्या नळाखाली तांब्या ठेवा. किती वेळात भरतो ते पोराला बघू द्या. समजा, अर्ध्या तासात भरला. तर दिवस-रात्रीचे झाले अठ्ठेचाळीस तांबे. हे गणित तो पाटीवर करील आणि रात्री बापाला दाखवील. बाप दुसऱ्या दिवशी नळाचे वायसर आणील. आणलेच पाहिजे, कारण पोर वाट बघत असते!

पाणी मोजणे ही पोरकट गोष्ट समजू नका. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे गाव आहे. दुष्काळी गाव होते. लोक पोटासाठी गाव सोडून जात. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, डोंगरावर चर खणले, झाडे तोडणे बंद केले. पुढे पाऊस मोजून पाण्याचा जमाखर्च मांडायला सुरुवात केली. पाणी कमी दिसले तर जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत. त्या हिशेबावर गाव उभे राहिले. तुमच्या अंगणातला तांब्या हा त्याच हिशेबाचा पहिला आकडा आहे.

आता अवघड गोष्ट सांगतो. तुम्ही सवय लावलीत की पोर तुम्हालाच टोकणार. चार माणसांत म्हणणार, "आबा, तुम्ही पुडी खाली टाकली." त्या वेळी आबांनी काय करावे? बहुतेक घरी एकच उत्तर असते. "गप बस. मोठ्यांना शिकवतो का?" पोर गप्प बसते आणि पुढे कायमचे गप्प राहते. सहा महिन्यांची मेहनत एका शब्दात वाया जाते. आबांनी वाकावे, पुडी उचलावी, खिशात घालावी. बोलायचे काही नाही. आबांचा मान त्याने कमी होत नाही. माझ्या मते वाढतोच.

काही जण विचारतील, पाकिटे गोळा केली तर पुढे त्यांचे काय करायचे? प्रश्न खरा आहे. कोरडी पाकिटे एका पोत्यात साठवा, ओला कचरा त्यात जाऊ देऊ नका. ग्रामपंचायतीची गाडी येत असेल तर तिच्यात द्या. येत नसेल तर ग्रामसभेत उठून विचारा. सोबत पोराला न्या. आई सभेत उभी राहून बोलते, हेही त्याला बघू द्या.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तरी बाजारात पिशवी पुढे येतेच. जुन्या लुगड्याची एक पिशवी शिवा आणि दाराच्या खुंटीला अडकवा, पोराचा हात पुरेल अशी. बाजाराच्या दिवशी ती काढून द्यायचे काम त्याचे. बापू निघाले आणि पिशवी विसरली, की पोर मागून ओरडत पळत येईल. तेव्हा मात्र थांबा, आणि पिशवी घेऊन जा.