आपला सल्लागार आपण निवडायचा

(कर्जत येथे बचतगटांच्या महिलांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मारहाण, पोटगी, वारसाहक्क यांवर आपण शिबिरांतून पुष्कळ बोललो. आयकर हा विषय मात्र पुरुषांचा म्हणून बाजूलाच राहिला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग आमचा काय संबंध, असं बायका विचारतात. संबंध येतो तो असा. गटाचे पैसे अध्यक्षबाईच्या स्वतःच्या खात्यात ठेवले जातात. नवरा आपला धंदा बायकोच्या नावावर दाखवतो. वर्षभरात बचत खात्यात दहा लाख किंवा जास्त रोख भरली गेली, की बँक ते आयकर खात्याला कळवते. मग पॅन कार्ड जिचं, नोटीसही तिलाच येते.

नोटीस आली की घरातला पुरुष कुणाला तरी गाठतो. तो माणूस कुणाचं हित पाहणार, हे आपण विचारलं पाहिजे. मिरजगाव भागातली एक विधवा बाई आमच्याकडे आली होती. नवऱ्याचं खताचं दुकान होतं. तो वारल्यानंतर नोटीस आली. दिराने एक एजंट आणला. एजंट बाईशी एक शब्द बोलला नाही. दीर म्हणाला, "वहिनी, लाखांनी भरावे लागणार. तुमची माहेरची जमीन माझ्या नावावर करा, मी भरतो." सही करण्याआधी तिने कागद आम्हाला दाखवला, हे तिचं शहाणपण.

आम्ही तिला नगरच्या एका सी.ए.कडे नेलं. त्यांनी नोटीस तिला मराठीत समजावून सांगितली. ती कर भरण्याची नव्हतीच; बँकेत भरलेल्या रोख रकमेचा खुलासा मागितला होता. दुकानाची बिलं जोडून तिने वारस म्हणून मुदतीत उत्तर दिलं. शिवाय, मयताच्या कराची जबाबदारी वारसावर येते ती त्याच्या मालमत्तेतून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. माहेरची जमीन त्यात येतच नव्हती. जमीन वाचली.

आता कुठल्या कामाला कोण? साधं विवरणपत्र भरायला जाणता कर सल्लागार पुरतो. हिशेब तपासून ऑडिटवर सही फक्त सी.ए. करू शकतो. चौकशी लागली किंवा अपील करायचं असलं, तर करविषयक कामाचा अनुभव असलेला सी.ए. किंवा वकील पाहा. हायकोर्टात जायचं किंवा खटला भरला गेला, तर वकीलच हवा. ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या केंद्रातला मुलगा अर्ज भरून देईल. सल्ला देणं हे त्याचं काम नाही.

त्याच्यासमोर बसल्यावर बिचकू नका, विचारा. सी.ए. असेल तर सभासद क्रमांक, वकील असेल तर सनद. अशी नोटीस पूर्वी हाताळली आहे का? फी किती, आणि कशाकशाची? पावती मागा. "रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के द्या" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढला, तर दंड आपल्याला होतो, त्याला नाही. कोऱ्या कागदावर सही नाही. पासवर्ड आणि ओटीपी आपल्याकडे, मोबाइल नंबरही आपलाच. मूळ कागद आपल्या पिशवीत, त्याला झेरॉक्स. आणि तो नवऱ्याकडे किंवा दिराकडे बघून बोलत असेल, तर सांगा, "नोटीस माझ्या नावाची आहे, मला सांगा."

नोटीस खरी की खोटी, हेही आधी पाहा. २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रावर ओळख क्रमांक असतो. तो खात्याच्या पोर्टलवर पडताळता येतो.

फीला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा. एकटीने जायची भीती वाटत असेल, तर गटातली एक जण सोबत न्या. नोटिशीवरची मुदत मात्र चुकवू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पॅन कार्ड आणि पासबुक घेऊन या. ते घरात कुणाच्या ताब्यात असतं, तिथूनच सुरुवात करू.